तिसरा दगड

दैवशालेनं पहिला दगड मारला तो व्यंकटरावाला. निदान तिचा तरी तसाच समज होता.

साल चौऱ्याण्णवचं. संक्रांत होऊन गेली होती, थंडी अजून मोडली नव्हती आणि ज्वारी ऐन हुरड्यात आली होती. नामांतराच्या बंदामुळं दोन दिवस डेपोत उभी राहिलेली एस.टी. त्याच सकाळी पुन्हा धावायला लागली होती. पोखर्णीच्या शिवेला, गंगाखेडच्या सडकेला लागून लिंबाजीचं शेत. शेताच्या मधोमध मचाण, आणि मचाणावर लिंबाजीची धाकटी लेक दैवशाला. हातात गोफण, ओच्यात दगड, डोक्यात राग.

पाखरं राखायला तिला कुणी पाठवलं नव्हतं. घरात तिला लवकर न्हाऊ-माखू घालून, हिरवं पातळ नेसवून बसवायचा बेत होता. तिसऱ्या प्रहरी ताडकळसचे आबासाहेब आपल्या पोराला, व्यंकटीला घेऊन शेतावर हुरडा खायला येणार होते. हुरडा आपला म्हणायला. हुरडा खाता खाता लिंबाजीनं होकार द्यायचा आणि वैशाखात बार उडवून टाकायचा, असं दोन्ही बापांचं जवळपास ठरलं होतं. दैवशालेला कुणी विचारलंच नाही असं नाही. विचारलं होतं. पण ती नाही म्हणाली, तेव्हा ते विचारणं धरायचं नाही असं घरात ठरलं. म्हणून ती पातळ नेसली आणि कुणाला न सांगता गोफण घेऊन शेतावर निघून आली.

व्यंकटी वाईट होता असं म्हणवत नाही. जमीन होती, दोन विहिरी होत्या, नवीकोरी मोटारसायकल होती. त्या मोटारसायकलनंच सगळा घोळ केला. गेले दोन महिने गडी दर रविवारी ताडकळसहून यायचा आणि लिंबाजीच्या शेताजवळ सडकेवर फेऱ्या मारायचा. पहिल्या फेरीला हॉर्न. दुसऱ्या फेरीला केसांवरून हात. तिसऱ्या फेरीला गॉगल काढून मचाणाकडं बघणं, आणि मग परत ताडकळस. थांबून एक शब्द बोलेल तर शपथ. मागच्या रविवारी मात्र त्यानं शेजारच्या बायनाबाईजवळ निरोप ठेवला होता, की पुढच्या खेपेला असा येईन की अख्खं गाव मान वर करून बघंल.

त्यामुळं ज्वारीवर अचानक एक मोठी सावली सरकली, चिमण्यांचा थवा भुर्रकन उठला आणि दैवशालेनं मान वर करून पाहिलं, तेव्हा तिला काही संशयच उरला नाही. वर एक नारिंगी-निळा पंख पसरला होता, चांगला बैलगाडीच्या दुप्पट लांब. त्याला शंभर दोऱ्या आणि दोऱ्यांच्या खाली पाळण्यात बसल्यासारखा एक माणूस. आणि तो माणूस सरळ कुठं जात नव्हता. तो तिच्या शेतावर फेऱ्या मारत होता.

एक फेरी झाली. दुसरी सुरू झाली. गाडीनं भागलं न्हाई म्हणून आता वरून, असं म्हणून दैवशालेनं गोफणीत दगड घातला.

पहिला दगड तिनं मुद्दाम लांबून सोडला, धाक म्हणून. वरच्या माणसाचं लक्षच नव्हतं. तो आपला मान वाकडी करून आभाळात काहीतरी शोधत होता. मग दुसरा दगड तिनं त्याच्या बुटाजवळून सणाणत नेला. आता मात्र वरून आवाज आला, "ओ ताई… माणूस हाय, माणूस!"

तिसऱ्या फेरीला तो इतका खाली होता की त्याच्या डाव्या बुटाची नाडी सुटलेली तिला दिसली. तिथून तो वळला आणि पोखर्णीच्या देवळाच्या शिखराकडं तोंड करून सरळ निघाला. दैवशालेनं तिसरा दगड मारला. तो टणकन त्याच्या डोक्यावरच्या कडक टोपड्यावर बसला. हा तिसरा दगड तिनं का मारला, ते तिनं त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कुणाला सांगितलं नाही, तेव्हा आपणही जरा दम धरू.

दगड बसल्यावर वरचा गडी दचकला. दचकला म्हणून त्याचा एक हात जास्तच खाली ओढला गेला, पंख एका बाजूला कलंडला आणि ते सगळं लटांबर गिरकी घेत ज्वारीत आलं. माणूस मचाणाखाली पडला. पंख मात्र सावकाश, अगदी सावकाश, मचाणावर उतरला आणि दैवशाला त्याच्याखाली झाकली गेली.

आत सगळं नारिंगी झालं होतं. तिचे हात नारिंगी, गोफण नारिंगी, हिरव्या पातळाचा रंग तर ओळखू येईना. बाहेरून ज्वारी खसखसली, मचाणाची शिडी करकरली आणि कापडाची एक कड उचलून एक डोकं आत आलं. टोपडं वाकडं झालेलं, नाकाला माती, मिशांत ज्वारीचं पान. ती गोफण सावरून बसली. तो शिडीवरच थांबला.

"लागलं का?" तिनं विचारलं.

"टोपड्याला लागलं. मला न्हाई." मग जरा थांबून, "तुमी… कुणाला मारायलाव?"

"दुसऱ्याला."

"कुठं हाय तो?"

"आला न्हाई अजून."

हे ऐकून तो हसला. एवढं आभाळातून पडलेलं माणूस हसतं, याचं तिला नवल वाटलं. आणि त्याचं हसणं बरं वाटलं, याचा रागही आला.

त्याचं नाव राधाकिशन. राणीसावरगावच्या सटवाजीचा मुलगा, पुण्यात कारखान्यात नोकरीला. रविवारी सुट्टी मिळाली की कामशेतच्या डोंगरावर जाऊन हे उडायचं शिकला. पुण्याच्या मंडळींना आपल्या गावचा डोंगर दाखवायची त्याला भारी हौस. वर्षभर मागं लागून त्यानं त्या सगळ्यांना राणीसावरगावला आणलं होतं. आज त्यांची शर्यत होती. राणीसावरगावच्या डोंगरावरून उडायचं, गंगाखेडला गोदावरी ओलांडायची आणि पोखर्णीच्या देवळापुढच्या मैदानात उतरायचं. जो पहिल्यांदा उतरेल तो जिंकला.

"मग तुमी कितवे होते?" तिनं विचारलं.

दोघं मचाणावरून खाली आली होती आणि तो बांधावर बसून बुटाची नाडी बांधत होता. त्यानं मान न उचलता सांगितलं, "पहिला."

इथून देवळाचं शिखर स्पष्ट दिसत होतं. एवढंच राहिलं होतं. तेवढ्यात वरून एक पिवळा पंख गेला, शिखराच्या दिशेनं. मग थोड्या वेळानं एक तांबडा. राधाकिशन दोघांनाही हात हलवत राहिला. जन्मात पहिल्यांदा मी सगळ्यांच्या पुढं होतो, एवढंच तो म्हणाला, तेही तक्रार म्हणून नाही. आपण काय करून बसलो हे तिला तेव्हा नीट कळलं. ओच्यातले उरलेले दगड तिनं हळूच बांधापलीकडं सोडून दिले.

पण एक गोष्ट तिच्या मनातून जात नव्हती. "सरळ जायचं सोडून फेऱ्या कामून मारत होते तुमी?"

"हवा वर घेत होती म्हणून," तो म्हणाला. उन्हानं जमीन तापली की कुठं कुठं गरम हवा वर उठते, ती डोळ्याला दिसत नाही, पण तिच्यात घिरट्या घालत राहिलं की घारीसारखं वर वर जाता येतं. वर गेलं की मग पुढं पळायचं. लिंबाजीच्या शेताला लागून नांगरून टाकलेलं काळं रान होतं, त्याच्यावर त्याला ती हवा सापडली होती. "आमच्या सरांचा नियम हाय. जिथं वर घेतंय तिथून हलायचं न्हाई. पुढं जास्त मिळंल म्हणून सुटलं, की माणूस खाली."

"मग हललात कामून?"

"देऊळ दिसलं. घाई झाली. तिसऱ्या फेरीला सुटलो, तसा खाली आलो." मग तो तिच्याकडं बघून म्हणाला, "आन खालून दगड यायलते."

"ताई म्हणालात तुमी मला," ती म्हणाली. का म्हणाली, तिचं तिला कळलं नाही.

"वरून नीट दिसलं न्हाई," तो घाईघाईनं म्हणाला. "माघार घेतो."

दैवशालेनं तोंड फिरवलं आणि पदर तोंडाला लावला. थंडी होती, असं तिनं स्वतःला सांगितलं.

एवढ्यात लिंबाजी आणि धुरपताबाई, म्हणजे दैवशालेचे आई-वडील, गोवऱ्या, गूळ आणि लसणाची चटणी घेऊन शेतावर आले. पाहुण्यांची तयारी करायला आले आणि पाहतात तर ज्वारीत हे एवढं भगदाड, मचाणावर नारिंगी छत आणि बांधावर परका गडी. लिंबाजीचा आवाज आधी चढला. ज्वारी लोळवली, भरल्या कणसांचं मातेरं केलं, असं बरंच बोलून झालं. बोलता बोलता तो मध्येच थांबला आणि कान देऊन ऐकायला लागला. शेतात चिमणीचा आवाज नव्हता. एकही पाखरू नव्हतं. एरवी गोफण थांबली की थवा उतरायचा, आज पंख पसरल्यापासून सगळी पाखरं बायनाबाईच्या वावरात गेली होती आणि बायनाबाई तिकडं डबा वाजवून बेजार झाली होती.

लिंबाजीचा आवाज उतरला. त्यानं पंखाला हात लावून बघितला, वर बघितलं, खाली बघितलं आणि राधाकिशनला विचारलं की सरकारनं पाखरं हाकलायची ही नवी योजना काढली का. योजना नाही, शर्यत आहे, हे कळल्यावर त्याला ते फारसं पटलं नाही. इतकी कामाची वस्तू नुसती शर्यतीला वापरायची, हे काही त्याच्या डोक्यात शिरेना. गावाचं नाव विचारलं, बापाचं विचारलं. सटवाजी म्हटल्यावर त्याला बैलबाजारातला सटवाजी आठवला. दोघांनी एकदा एकाच जोडीवर बोली लावली होती.

"सटवाजीचा का तू?" लिंबाजी म्हणाला. "चांगला शाणा माणूस. मग तू असा कसा निघालास?"

धुरपताबाईंनी आगटी पेटवली आणि पोराला आधी खाऊ तर द्या म्हणून नवऱ्याला गप्प केलं. लिंबाजीनं तरी शेवटी विचारलंच, की एवढं चांगलं उडत होतास तर पडलास कसा.

दैवशालेच्या हातातलं कणीस तसंच राहिलं. राधाकिशननं मांडीवरचं टोपडं हळूच उलटं फिरवलं. दगडाचा पांढरा ओरखडा त्याच्या पोटाकडं गेला.

"वारा पडला," तो म्हणाला.

दैवशालेनं कणीस निखाऱ्यात खुपसलं. तिनं वर बघितलं नाही, पण सगळं ऐकू आलं.

ती कणसं भाजायची, गरम गरम तळव्यांत चोळायची, फुंकर मारून कोंडा उडवायची आणि कोवळे हिरवे दाणे त्याच्या ओंजळीत टाकायची. हात भाजत होते. त्याला घाई नव्हती. तो दाणे मोजून खाल्ल्यासारखा खात होता आणि मध्येच चटणी तिखट आहे म्हणून डोळे पुसत होता. ती म्हणाली, आभाळातून पडताना रडला न्हाईत, आन चटणीला रडायलाव. तो म्हणाला, आभाळात कुणी बघत नव्हतं. धुरपताबाई पलीकडं गूळ फोडत होत्या. त्यांनी एकदा लेकीकडं पाहिलं, एकदा त्या पोराकडं पाहिलं आणि गूळ जरा जास्तच बारीक फोडला.

मग सडकेवर जीप आली. उतरलेल्या उडणाऱ्यांना गोळा करत फिरणारी ती त्यांच्या सरांची जीप होती. पंख मोकळ्या जागी पसरून ठेवायचा, म्हणजे सडकेवरून दिसतो, हा त्यांचा नियम राधाकिशननं मघाशीच सांगितला होता. पंख मचाणावर पसरलेला होताच. दैवशाला उठली. पाखरं आली वाटतं, असं म्हणाली आणि शिडी चढली. शेतात तर एक पाखरू नव्हतं. वर जाऊन तिनं सडकेकडची कापडाची कड धरली, ओढली आणि ज्वारीच्या बाजूला टाकून दिली. जीप हॉर्न देत गंगाखेडकडं निघून गेली.

ती खाली आली तेव्हा राधाकिशन तिच्याकडं बघत होता. त्याला जीप दिसली होती. हाक मारली असती तर सहज ऐकू गेली असती. त्यानं मारली नाही. तोंडात हुरडा होता, असं त्यानं नंतर सरांना सांगितलं.

तिसरा प्रहर झाला आणि मोटारसायकलचा आवाज आला. मागं आबासाहेब बसलेले असूनही व्यंकटीनं रिवाज मोडला नाही. सडकेवर त्यानं तीन फेऱ्या मारल्या. आबासाहेब एका हातानं फेटा आणि एका हातानं पोराला धरून बसले होते. पहिल्या फेरीला हॉर्न वाजला, दुसऱ्या फेरीला केसांवरून हात फिरला. राधाकिशननं ते बघितलं, मग दैवशालेकडं बघितलं, आणि सकाळचे दगड कुणाच्या नावाचे होते हे त्याला कळून चुकलं. त्याचा चेहरा पडला. आज हुरड्याला कोण येणार आहे आणि कशासाठी, हेही त्याला कळलं होतं.

घोंगडीवर बैठक बसली. व्यंकटीला मात्र हुरडा गोड लागेना. अख्खं गाव मान वर करून बघणार होतं ते त्याच्या नव्या गॉगलला, आणि इथं जो तो त्या नारिंगी कापडाकडं बघत होता. सोपंच असेल की, असं तो दोनदा म्हणाला. राधाकिशननं त्याला सांगितलं की हे शिकल्याबिगर करू नका. एवढं पुरे झालं. मोठी माणसं पाऊसपाण्याचं बोलत असताना व्यंकटी उठला, मचाणाखाली गेला, तिथं पडलेल्या पाळण्याचे पट्टे अंगात अडकवले आणि पळत सुटला. नेमकी तेव्हाच वाऱ्याची एक झुळूक आली.

तो उडाला असं म्हणता येणार नाही. पंख फुगला, त्यानं व्यंकटीला गुडघाभर उचललं, ज्वारीतून ओढत नेलं, पाटातून नेलं आणि नुकतंच पाणी दिलेल्या कांद्याच्या वाफ्यात नेऊन बसवलं. लागलं कुठं नाही. गॉगल सापडला नाही. राधाकिशन धावत गेला, पंख आवरला आणि त्याला हाताला धरून उभं केलं. व्यंकटी चिखलानं भरलेला घोंगडीवर येऊन बसला. खरं सांगायचं तर त्याला बघून दैवशालेला त्या दिवशी पहिल्यांदाच त्याची दया आली.

आबासाहेब संतापले. वस्तूच खोटी आहे, म्हणाले. मग ते राधाकिशनकडं वळले. "तुमी तर शिकलेले म्हणता. तुमी कसे पडलाव?"

"वारा पडला," राधाकिशन पुन्हा म्हणाला.

"बगा." आबासाहेबांचं समाधान झालं. त्यांनी फेटा सारखा केला. "जाऊ द्या. लिंबाजीराव, आपल्या कामाचं बोलू. काय ठरवलं तुमी?"

लिंबाजीनं घसा खाकरला. धुरपताबाईंनी पदर सावरला. दैवशाला आगटीजवळ उकिडवी बसली होती. तिला ठाऊक होतं, की बापाच्या, अण्णांच्या तोंडून एकदा शब्द गेला की तो परत फिरायचा नाही. त्या पोरानं तिच्यावर पांघरूण घातलं होतं, दोनदा. ते पांघरूण अंगावर घेऊन गप्प बसलं तर अब्रू राहत होती. आणि वैशाखात ताडकळस होतं. तिनं हातातला कोंडा झटकला.

"वारा न्हाई पडला," ती म्हणाली. "मी पाडलं त्यांना. गोफणीनं."

आबासाहेबांनी तोंडाशी नेलेले दाणे परत घोंगडीवर ठेवले.

"माणसाला दगड मारलास?" आबासाहेब म्हणाले. "कामून?"

"मला वाटलं व्यंकटराव हायेत."

आबासाहेबांनी लिंबाजीकडं पाहिलं, लिंबाजीनं आगटीकडं पाहिलं. मग आबासाहेब उठले. मानी माणूस, आरडाओरडा केला नाही. तुमच्या मुलीनं आमाला आधीच सांगितलं, बरं झालं, नंतर दगड बसण्यापरीस, एवढं म्हणून ते मोटारसायकलवर बसले. व्यंकटीनं गाडी चालू केली आणि या खेपेला एकही फेरी न मारता सरळ ताडकळसचा रस्ता धरला.

लिंबाजी काटकीनं निखारे उकरत बसला. दैवशाला समोर उभी होती.

"एवढं मनात होतं तर मला सांगायचं न्हाई?" तो शेवटी म्हणाला.

"सांगितलं होतं, अण्णा. तुमी धरलं न्हाई."

लिंबाजीनं काटकी आगटीत टाकली. एकाएकी तो हसला, आधी नाकातल्या नाकात, मग पोट धरून. व्यंकटराव हायेत म्हणून, असं पुटपुटत त्यानं डोळे पुसले. त्यात धूर किती आणि हसणं किती, ते धुरपताबाईंना बरोबर कळलं. त्यांनी लेकीला जवळ ओढून तिच्या केसांतलं कूस काढलं.

कांद्याच्या वाफ्यात पसरलेला पंख आता सडकेवरून चांगला दिसत होता. जीप परत आली तेव्हा लपवायला काही उरलं नव्हतं. राधाकिशन पंख गोळा करायला लागला. पण लिंबाजी म्हणाला की पोरीची चूक, तर सरांची माफी मीच येऊन मागणार. म्हणून हुरड्याचं गाठोडं घेऊन सगळे जीपमध्ये बसले आणि दिवस मावळायला पोखर्णीच्या देवळापुढं पोचले.

उडणारे तिथं गोल करून बसले होते. मधे दिनकरराव, तेच सर. विमानदलातून निवृत्त झालेले, मिशा पांढऱ्या, आवाज असा की कबुतरं शिखरावरून उठावीत. लिंबाजीनं हात जोडून सगळी हकीकत सांगितली. दिनकररावांनी ती नीट ऐकून घेतली, गोफण बघायला मागितली आणि दैवशालेला विचारलं की किती अंतरावरून बसला. मग म्हणाले की बसा, आमची शाळा अजून सुटली नाही. त्यांची पद्धतच होती. जिंकलेला असो की पडलेला, शर्यत संपली की प्रत्येकानं उभं राहून आज काय शिकलो ते सांगायचं, आणि त्याशिवाय कुणाला जेवण मिळायचं नाही.

एक म्हणाला, पाण्याची बाटली विसरू नये. पिवळ्या पंखवाला, जो जिंकला होता, तो म्हणाला की घारी जिथं घिरतात तिथं जावं, त्या खोटं बोलत नाहीत. मग राधाकिशन उभा राहिला. सगळे आधीच हसायला लागले.

"बुटाची नाडी बांधून उडावं," तो म्हणाला. "खाली गोफण हाय का ते बघावं. आणि…" तो थांबला. दैवशाला देवळाच्या पायरीवर आईजवळ बसली होती. गाठोड्याची गाठ ती उगीचच सोडत आणि बांधत होती. "आणि सर, तुमी सांगितलं होतं ते आज कळलं. जिथं वर घेतंय, तिथून हलू नये."

"हं," दिनकरराव म्हणाले. "घेत होतं का चांगलं?"

"अजून घेतंय, सर."

दिनकररावांनी एकदा त्याच्याकडं आणि एकदा पायरीकडं पाहिलं. मिशीवरून हात फिरवला आणि बसा म्हणाले. लिंबाजीला हवेचं काही कळलं नव्हतं. धुरपताबाईंना सगळं कळलं होतं, आणि त्यांनी तिथल्या तिथं सटवाजीकडं कधी जायचं ते नवऱ्याला विचारून टाकलं.

आरतीची घंटा वाजायला लागली. माणसं देवळाकडं वळली. राधाकिशन हुरड्याचं गाठोडं घ्यायला पायरीजवळ आला, आणि गाठोडं हातात आलं तरी गेला नाही.

"एक विचारू?" तो म्हणाला. "पहिला दगड व्यंकटराव समजून. दुसराही. पण तिसऱ्या फेरीला मी इतका खाली होतो, की मला तुमच्या कानातली फुलं दिसत होती. तुमाला माझं तोंड दिसलं न्हाई?"

"दिसलं की."

"व्यंकटराव न्हाई हे कळलं होतं?"

"कळलं होतं."

"मग… मारला कामून?"

दैवशालेनं गोफण बोटांभोवती गुंडाळली. कान तापले होते. घंटा चालू होती, तरी ती हळूच बोलली आणि त्याला ते बरोबर ऐकू गेलं.

"निघून चालले होते ना तुमी."